सीमावृक्ष आणि शेजाऱ्याची भिंत

बिदर आणि कलबुर्गी ह्या कर्नाटकाच्या सरहद्दीवरील दोन जिल्ह्यांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू ह्या चार भाषा पुष्कळदा एकाच गल्लीत ऐकू येतात. भांडणे मात्र चारी भाषांत सारखीच असतात. त्यांपैकी एक जुने भांडण झाडाचे. एकाच्या अंगणात पिंपळ, लिंब किंवा उंबर वाढतो. त्याची सावली धन्याला मिळते आणि मुळे शेजाऱ्याच्या जोत्याखाली शिरतात. काही वर्षांनी शेजाऱ्याच्या ओसरीवरील शहाबादी फरशी एका कोपऱ्यात उचलते, न्हाणीचे पाणी तुंबू लागते, आणि एका उन्हाळ्यात भिंतीला तिरकी चीर पडलेली दिसते. शेजारी म्हणतो, झाड काढा. धनी म्हणतो, झाड आमच्या आजोबांच्या हातचे आहे, तुमची भिंत परवाची आहे. दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच हा तंटा लवकर मिटत नाही.

ह्या तंट्याची पूर्वपीठिका शोधावयाची तर ह्याच मुलखात तिचा धागा सापडतो, हे विशेष होय. हिंदुस्थानाच्या मोठ्या भागावर ज्या ग्रंथाने आठनऊशे वर्षे व्यवहाराचा अधिकार चालविला, तो ‘मिताक्षरा’ हा ग्रंथ कल्याण येथे लिहिला गेला. हे कल्याण म्हणजे मुंबईजवळचे नव्हे. बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची राजधानी, ते हे कल्याण. ग्रंथकार विज्ञानेश्वर हा सहाव्या विक्रमादित्याच्या काळचा. त्या राजाने १०७६ पासून ११२६ पर्यंत राज्य केले. ग्रंथाच्या अखेरीस विज्ञानेश्वराने कल्याणनगराची, राजाची आणि स्वतःच्या विद्वत्तेचीही मनमोकळी प्रशंसा केलेली आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील मर्तूर ह्या गावाशी त्याचे नाव परंपरेने जोडले जाते. तेव्हा हे दोन्ही जिल्हे त्याच्यावर हक्क सांगू शकतात.

मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका. कोलब्रुकने १८१० मध्ये तिच्या दायभागाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि तेव्हापासून मिताक्षरा म्हणजे वारसाहक्क असे समीकरण वकिलांच्या व लोकांच्या मनात बसले. परंतु त्याच ग्रंथात सीमेच्या विवादावर एक संपूर्ण प्रकरण आहे, आणि झाडे तोडणाऱ्यास करावयाचा दंडही आहे. शेजाऱ्याशेजाऱ्यांतील झाडाच्या प्रश्नाला हात घालण्यासाठी ही दोन स्थळे एकत्र वाचावी लागतात.

याज्ञवल्क्याने सीमा ओळखण्याच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यांत मातीचा उंचवटा, कोळसा, कोंडा, वारूळ, खड्डा, हाडे, बांध अशा वस्तूंबरोबर वृक्षही आहेत. मनू ह्याहून स्पष्ट बोलतो. सीमेवर कोणती झाडे लावावीत ह्याची तो यादीच देतो. तीत वड, पिंपळ, पळस, सावर, साल आणि ताड आहेत, आणि ज्यांना चीक येतो असे वृक्षही आहेत. ही निवड उगीच केलेली नाही. वड-पिंपळ दीर्घायुषी असतात, दुरून दिसतात, तोडले तरी पुन्हा फुटतात, आणि त्यांच्यावर कुऱ्हाड चालवावयास माणूस सहसा धजत नाही. दोन शेतकऱ्यांच्या मध्ये उभा राहून शंभर-दोनशे वर्षे साक्ष देणारा साक्षीदार पाहिजे असेल तर ह्याहून चांगला कोठे मिळणार? मनू आणखी सांगतो की, भुईखालीही काही गुप्त खुणा पुराव्यात. दगड, हाडे, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू अशा लवकर न कुजणाऱ्या वस्तू त्यासाठी सांगितल्या आहेत. वरचा साक्षीदार नाहीसा झाला तर खालच्याने बोलावे, अशी ती योजना.

खुणा पुसल्या गेल्या म्हणजे माणसांची पाळी येई. शेजारच्या शेतांचे धनी, गावातील वृद्ध, गुराखी, सीमेलगत कसणारे शेतकरी, रानात हिंडणारे लोक ह्यांना बोलवावे, असे स्मृतिकार सांगतात. निर्णय करणारे चार, आठ किंवा दहा जण तांबड्या फुलांच्या माळा व तांबडी वस्त्रे घालून, डोक्यावर माती घेऊन सीमेवरून चालत जात. डोक्यावरची माती हीच शपथ. मराठी मुलखात शिवेच्या तंट्यात गावच्या महाराची साक्ष पुढील काळापर्यंत मानली जात असे, तिच्या मागेही हाच विचार दिसतो. ज्याचे पाय रोज त्या बांधावरून जातात त्याला बांध ठाऊक असतो. गावाने त्याला शिवेच्या आत घर दिले नाही, पण शिवेबद्दल त्याच्याच शब्दावर विसंबले, ही गोष्टही येथे विसरता येत नाही.

आता दंडाकडे वळू. झाडाची फांदी तोडल्यास वीस पण, खोड तोडल्यास चाळीस, आणि झाड मुळासकट तोडल्यास ऐंशी पण, असा चढता दंड याज्ञवल्क्याने सांगितला आहे. वडासारख्या फुटणाऱ्या व लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या झाडांसाठी हा दर. झाड देवळाजवळचे, स्मशानातले, पुण्यस्थानातले किंवा सीमेवरचे असेल, तर दंड दुप्पट. म्हणजे सीमेवरचा वड उपटणाऱ्यास एकशे साठ पण पडत. एवढा मोठा दंड सावलीसाठी किंवा फळासाठी केलेला नाही, हे उघड आहे. तो साक्षीदाराला मारण्याचा दंड आहे.

झाडाने केलेल्या नुकसानीचे काय? फांदी, खोड आणि सर्व झाड ह्यांची गणती करणाऱ्या दंडाच्या ह्या श्लोकांत, मुळाने शेजाऱ्याचे काय बिघडवले हा विचार येत नाही. स्मृतिकारांना शेजाऱ्याच्या भिंतीची काळजी नव्हती असे मात्र नव्हे. कात्यायनाने सांगून ठेवले आहे की, शौचकूप, सांडपाणी, विस्तवाची जागा, खड्डा ह्या गोष्टी दुसऱ्याच्या भिंतीपासून दोन अरत्नी अंतर सोडून कराव्यात. अरत्नी म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचे माप. दोन अरत्नी म्हणजे अजमासे तीन फूट. त्याच कात्यायनाने दोन शेतांच्या सीमेवर उगवलेल्या झाडाची फळेफुले दोन्ही धन्यांची सामाईक ठरविली. भिंतीचा नियम आहे, झाडाचा नियम आहे. पण झाड आणि भिंत एकमेकांसमोर आली तर काय, हा प्रश्न ह्या दोन नियमांच्या मधल्या जागेत राहून गेला. कात्यायनाचे विखुरलेले श्लोक गोळा करून महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३३ मध्ये ते प्रसिद्ध केले. ते वाचताना ही मोकळी जागा ध्यानात येते.

तिचे कारण असे दिसते की, सीमावृक्ष शेताच्या बांधावर होता आणि घर गावठाणात होते. दोघांची गाठच पडत नव्हती. घराजवळच्या झाडांचा विचार करण्याचे काम वेगळ्या शास्त्राने केले. वराहमिहिराने बृहत्संहितेत वास्तूचा विचार करताना घराजवळ काटेरी झाड असेल तर शत्रूचे भय आणि चिकाचे झाड असेल तर द्रव्याचा नाश होतो असे म्हटले आहे. पायरी, वड, उंबर आणि पिंपळ घराच्या कोणत्या दिशेला शुभ आणि कोणत्या दिशेला अशुभ, हेही त्याने दिले आहे. फलज्योतिषावर ज्याचा विश्वास नाही अशा एखाद्या गवंड्यानेही पाया पुन्हा भरण्याचा खर्च मनात आणून द्रव्यनाशाच्या भाकिताला मान डोलवावी! मनू चिकाची झाडे सीमेवर लावा म्हणतो आणि वराहमिहिर तीच घराजवळ नकोत म्हणतो. शेत आणि घर दूर होते तोवर ह्या दोन आज्ञांत विरोध नव्हता.

ह्या प्रदेशात चिकाच्या झाडांना आणखी एक संरक्षण मिळाले. कलबुर्गी जिल्ह्यातील भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर हे नृसिंहसरस्वतींचे क्षेत्र. महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्या यात्रेकरूंची रीघ अजूनही सुटलेली नाही. कोड भरलेल्या नरहरीने गुरूच्या आज्ञेवरून औदुंबराच्या वाळक्या लाकडाला पाणी घातले आणि त्याला पालवी फुटली, ही गुरुचरित्रातील कथा घरोघर माहीत आहे. तेव्हा अंगणात आपोआप उगवलेले उंबराचे रोप उपटणे पुष्कळांच्या जिवावर येते. पिंपळावर मुंजा असतो म्हणून त्याच्या वाटेस कोणी जात नाही. ही श्रद्धा खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण कितीतरी जुनी झाडे तिनेच वाचविली आहेत. पण तिची किंमत केव्हा केव्हा ज्याच्या अंगणात झाड नाही अशा माणसाच्या भिंतीला मोजावी लागते. त्याची श्रद्धा वेगळी असेल, किंवा तीच असेल. चीर मात्र त्याच्या भिंतीला पडते.

भिंत आणि पिंपळ ह्यांचे वैर पाहावयाचे तर बिदर शहराइतके उत्तम ठिकाण नाही. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी येथे हलविली. शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ आणि वाऱ्यावर कठीण होणारा, पण सच्छिद्र दगड. त्याच्या सांध्यांतील चुना पावसाने झिजला की फट पडते. वडाची-पिंपळाची फळे खाणारे पक्षी आणि वटवाघळे भिंतीवर बसतात, विष्ठेतून बी फटीत पडते, आणि भुईचा स्पर्शही न होता झाड रुजते. मूळ प्रथम केसासारखे असते. ते ओलाव्याच्या मागे फटीत शिरते आणि मग जाड होऊ लागते. धडधाकट भिंत मूळ फोडीत नाही; अगोदर पडलेल्या चिरेचा ते फायदा घेते. महमूद गवानाने १४७२ मध्ये पुऱ्या केलेल्या प्रसिद्ध मदरशाचा मोठा भाग १६९६ च्या सुमारास दारूच्या स्फोटाने एका क्षणात कोसळला. पिंपळाला तेवढी घाई नसते. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुराणवस्तू खाते स्थापन केले व गुलाम याझदानी त्याचे पहिले प्रमुख झाले. बिदरच्या वास्तूंवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९४७ मध्ये निघाला. जुन्या वास्तूंवरील झाडोरा काढणे हे अशा खात्यांचे नित्याचे काम होय, आणि तेथे वाद नसतो, कारण घुमट आणि पिंपळ दोघांचाही धनी एकच, सरकार.

खासगी घरांची गोष्ट निराळी. तेथे बदल घडविला तो मोजणीने. सर सालारजंग १८५३ पासून १८८३ पर्यंत निजामाचे दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत कारभाराची घडी नव्याने बसविली गेली, आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीवरील जमीनमोजणी संस्थानात आली. शेताला नंबर मिळाला, कोपऱ्यावर दगड आला, आणि नकाशा कचेरीच्या दप्तरात गेला. त्या दिवशी सीमेवरच्या वडाची नोकरी संपली. तो उभा होता तेथेच राहिला, पण त्याची साक्ष आता कोणाला नको होती.

पुढे गावे वाढली. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात, उदगीर, अहमदपूर, निलंगा हा महाराष्ट्राच्या वाट्यास पुढे आलेला भाग मुंबई राज्यात, आणि जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. तालुक्याच्या ठिकाणी कचेऱ्या, शाळा, बाजार वाढले, शेते बिगरशेती झाली, आणि त्यांचे प्लॉट पडले. प्लॉटची हद्द पुष्कळदा जुन्या बांधावरूनच गेली. दोन शेतांमध्ये ज्याला वीस हात मोकळी जागा होती, त्या लिंबाच्या वा पिंपळाच्या दोन्ही अंगांना आता चार-चार हातांवर भिंती उभ्या राहिल्या. तंटा मिटविण्यासाठी लावलेले झाड अशा रीतीने तंट्याचे कारण झाले. ह्यात झाडाने काही केलेले नाही. ते आपल्या जागेवरून हललेलेही नाही.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? रोमन लोकांनी ह्या प्रश्नाकडे मुळांच्या बाजूने पाहिले, हे त्यांचे वैशिष्ट्य. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये असे तत्त्व आहे की, हद्दीजवळच्या झाडाने शेजाऱ्याच्या जमिनीतही मुळे धरली तर ते झाड दोघांचे सामाईक होते. झाड ज्या मातीतून पोसले जाते त्या मातीच्या धन्याचे ते, असा हा विचार. कात्यायनाच्या सामाईक फळांपासून तो फार दूर नाही. इंग्रजी कायदा फांदीपासून निघाला. १८९४ मध्ये लेमन विरुद्ध वेब ह्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले की, आपल्या हद्दीवर आलेली फांदी शेजाऱ्याला आपल्या जमिनीत उभे राहून तोडता येते, आणि झाड कितीही जुने असले तरी फांदी पसरण्याचा हक्क वहिवाटीने मिळत नाही. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयानेही फांद्यांबाबत हेच तत्त्व मानले. मुळांनी केलेल्या नुकसानीबद्दल मात्र देशोदेशी मतभेद झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १९३१ मध्ये सांगितले की, मुळे आली तर ती आपल्या बाजूने तोडा, भरपाई मिळणार नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने १९५७ मध्ये हॅरो येथील प्रकरणात ह्याच्या उलट निर्णय दिला. झाड लावलेले असो की आपोआप उगवलेले, त्याच्या मुळांनी शेजाऱ्याचे घर खचले तर तो उपद्रव होय, असे त्याने ठरविले. आपल्याकडील दिवाणी न्यायालये इंग्रजी परंपरेत वाढलेली. झाड काढण्याचा हुकूम मागावयाचा तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या ३९ व्या कलमाने मागता येतो. झाड पडून माणसांना इजा होण्याचा संभव असेल तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी १३३ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १५२ वे झाले आहे.

परंतु शेजाऱ्याचा हक्क सिद्ध झाला तरी कुऱ्हाड उचलता येत नाही. कारण १९७० नंतर झाडाच्या बाजूने तिसराच पक्षकार उभा राहिला. कर्नाटकाने १९७६ मध्ये वृक्षसंरक्षणाचा कायदा केला. महाराष्ट्राने शहरांसाठी १९७५ मध्ये केला, तर आंध्र प्रदेशाने २००२ मध्ये पाणी, जमीन व झाडे ह्यांचा मिळून एक कायदा केला. बिदरचे तीन तुकडे तीन कायद्यांखाली गेले ते असे. कर्नाटकाच्या कायद्यात वृक्षाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि ‘तोडणे’ ह्या शब्दात छाटणे, साल काढणे, विषारी द्रव्य घालणे, अन्य रीतीने इजा करणे हे सारे येते. झाड जीवितास किंवा मालमत्तेस धोकादायक असणे हे परवानगीचे एक कारण आहे. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांनी झाड पुन्हा दंडाच्या छायेत आले. पण आता ते साक्षीदार म्हणून नव्हे, झाड म्हणून.

अधिकाऱ्यापुढे जाण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी भुईखाली काय चालते ते समजून घेणे बरे. कलबुर्गी जिल्ह्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोठे झाड त्या मातीतले पाणी ओढते. मग झाडाच्या बाजूची माती जास्त आकसते, पाया एका कोपऱ्यात खाली बसतो, आणि भिंत तिरकी चिरते. मुळाने पायाला स्पर्शही केलेला नसतो. बिदरच्या जांभ्यावर हा प्रकार कमी. नळाचेही असेच आहे. धड नळात मूळ शिरत नाही, गळक्या सांध्यात शिरते. आणि ज्यांना झाड आजच्या आज काढावयाचे असते त्यांना माहीत नसलेली गोष्ट अशी की, काळ्या मातीतले जुने झाड एकदम तोडले तर ती माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि खचलेली भिंत आता उचलली जाऊन नव्याने फुटते. थोड्या-थोड्या छाटणीने, मुळांच्या वाटेत खोल आडभिंत घालून, सांडपाण्याची गळती थांबवून पुष्कळ वेळा झाड आणि भिंत दोन्ही राहतात. खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न उरतोच.

तो न मिटला तर प्रकरण न्यायालयात जाते, आणि न्यायाधीशाला चीर प्रत्यक्ष पाहता येत नसल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २६ व्या आदेशाप्रमाणे तो पाहणीसाठी आयुक्त नेमू शकतो. आयुक्त बहुधा एखादा तरुण वकील असतो. तो टेप घेऊन येतो, झाडापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजतो, हद्दीवर हातभर खोल चर खणवून मूळ कोणत्या बाजूने आले ते पाहतो, आणि चिरेची लांबी लिहून घेतो. एक गोष्ट मात्र त्याला मोजता येत नाही. अगोदर काय होते, झाड की भिंत? त्यासाठी तो गल्लीतील म्हाताऱ्या माणसांना बोलावून विचारतो, आणि ती सांगतील ते कागदावर उतरवून घेतो.